एका नोंदीवर दोन हात

२ डिसेंबर १९९६

आज साखर कारखान्यात ऊस-नोंदीच्या खिडकीशी कडेगावची धोंडुबाई. "आवं सायेब, मालक जाऊन आठ म्हैनं झालं. तोडीच्या चिठ्ठीवर त्येंचंच नाव कसं? मुकादम म्हणतोय, अर्जुनाची सही आणा!" तिच्या उसाला तुरे आलेत, तोड मात्र अडली. वारस म्हणून तिचं नाव लावायचं काम माझ्या जोडीच्या कारकुनाचं, नाथाजीचं — विसरला असणार! सगळ्यांदेखत म्हणालोही तसं. तो एवढंच म्हणाला, "म्या लावलं हुतं रं."

३ डिसेंबर

शेतकी अधिकारी नानासोंनी नाथाजीला मेमो दिला. बरं झालं, म्हटलं.

५ डिसेंबर

सांगलीहून कॉम्प्युटरवाला निमिष आला आणि माझंच पितळ उघडं पडलं. धोंडुबाईची नोंद एकाच वेळी नाथाजीच्या आणि माझ्या, दोन्ही मशिनांवर उघडी होती. नाथाजीनं तिचं नाव घालून सेव्ह केलं. मी माझ्या खोलीत लागणीची तारीख दुरुस्त करत बसलेलो. माझ्या पडद्यावर अजून अर्जुनाचंच नाव! मी नंतर सेव्ह केलं, तशी माझी अख्खी जुनी नोंद त्याच्या नोंदीवर बसली. मेलेला माणूस मी परत आणला, आणि बोलणी खाल्ली नाथाजीनं. लाज वाटते.

निमिष म्हणाला, "आता कुलूप घालतो, काका. एकानं नोंद उघडली की दुसऱ्यानं थांबायचं."

हसूच आलं. अठरा वर्षं आम्ही दुसरं काय केलं? एक टेबल, एक वही. तो लिहायचा, मी तंबाखू मळत बसायचो. "उरक की रं गड्या!" म्हणून कोपरानं ढोसायचो. त्या थांबण्यातच सगळं कळायचं — म्हैस व्याली, पोरीला बघायला कोण आलं. दसऱ्याला मशिनांची पूजा झाली, तो भिंतीपलीकडं गेला. त्या पोरीचं पुढं काय झालं, मी विचारलंसुद्धा नाही! फार आठवतं ते टेबल.

६ डिसेंबर

धोंडुबाईला तिच्या नावाची चिठ्ठी मिळाली. पण नाथाजीची बदली — लांबच्या गट ऑफिसला! माझ्यामुळं. उद्या नानासोंना खरं सांगणार. तो गेला तर मला इथं करमायचं नाही.

७ डिसेंबर

सांगितलं. नानासोंनी मेमो फाडला. बदली मात्र रद्द होणार नाही. ती नाथाजीनंच दिवाळीत मागितली होती. अर्ज दाखवला मला. कारण — 'तिथे अजून एका वहीवर दोघे बसतात.'