तानीचं गप्प राहणं

सोमवार, २६ नोव्हेंबर १९२८

गिरणीचे साहेब आज पाळणाघर बघून गेले. खूश! "इतकी गुणी मुलं मी मुंबईच्या गिरण्यांतसुद्धा पाहिली नाहीत, बाई." हो तर! एकही रडत नव्हतं. रडतील कशी? अफू चाटवून आणलेली सगळी. तोंडावर माशी बसली तरी हात हलत नाही. मी तसं स्पष्ट सांगितलं तर छताकडे बघत म्हणाले, "ते पूर्वापार चालत आलंय," आणि मागाचं खातं बघायला निघून गेले.

पुण्याला जाऊन बालसंगोपन शिकले ते कशाला? निजलेल्या मुलांवरच्या माशा वारायला? मल्लव्वा आया म्हणते, "निजलेली बरी की बाई! मला हात दोनच हायती." तिचंही खरं आहे. पण आज मला कुणाचंच खरं मानायचं नाही. डोकं तडकलंय.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायांना जमवून पुन्हा सांगितलं. अफूची बाळगोळी म्हणजे विष. भूक मरते, हाडं वाढत नाहीत, एखादे दिवशी मूल उठतच नाही. सगळ्या "व्हय बाई, व्हय बाई." रिळांच्या खात्यातली गोजाबाई तेवढी खरं बोलली. "भोंगा व्हतो फाटंचं, आन् तुमचं दार उघडतं उनं वर आल्यावर. मदल्या वक्ताला काय करू? सासूला डोळं न्हाईत. मालक मेंढरांमागं. भोंगा थांबतो व्हय माज्यासाठनं?"

मला उत्तर नसलं की राग येतो. तो आज तिच्यावरच काढला — उगीच.

तिचं बाळ बिरप्पा. बिरू म्हणतात. त्याला रोज घेऊन येते त्याची बहीण तानी, आठ-नऊ वर्षांची. भाऊ कडेवर घेऊन घेऊन एका बाजूला कललेली पोर. आई पहाटे जाताना मोहरीएवढी गोळी करून तिच्याजवळ ठेवते, ही ती पाण्यात कालवून बोटानं चाटवते. मोठ्या ऐटीत मला सांगत होती! बोलायला लागली की थांबत नाही. करकंबचा मामा, मामाची मेंढरं, कोणत्या मेंढीचा स्वभाव कसा. ऐकता ऐकता माझा चहा गार झाला.

मंगळवार, ४ डिसेंबर

सुचलं! बायांच्या कानीकपाळी ओरडून काय उपयोग? गोळी देणारा हात तानीचा आहे!

तिला मांडीवर घेतलं. सांगितलं, उद्यापासून गोळी मोरीत टाकायची. बिरू रडला तर सरळ इकडे घेऊन यायचं, मी भोंग्यालाच येऊन दार उघडीन. आईनं विचारलं तर "दिली" म्हणायचं. "आणि हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. आईला तर नाहीच. घे शपथ." गळ्याला हात लावून म्हणाली, "बिरोबाची आन." किती गंभीर चेहरा! मला हसू आवरेना.

मुलं माझं ऐकतात. त्यांच्याशी बोलता आलं पाहिजे, एवढंच.

सोमवार, १० डिसेंबर

बिरूचे हाल. घाम, जुलाब, किंचाळणं. मल्लव्वा माझ्याशी बोलत नाही. तानी त्याला पाठीशी बांधून अंगणभर फिरवते. सकाळी आल्या आल्या माझ्या कानाशी येते — "टाकली बाई!" घरी जाऊन मी आंघोळ करते आणि पडते. स्वयंपाकही नको वाटतो.

बुधवार, १९ डिसेंबर

बिरू जागा आहे! जागा म्हणजे खराखुरा जागा. माझा चष्मा ओढला. मल्लव्वाकडे बघून हसला तर ती म्हातारी कानडीत काहीतरी पुटपुटत त्याचे मुके घ्यायला लागली. सगळं वैर संपलं!

तानी एका पायावर नाचत होती. "बाई, हा मला वळकतोय की!" भाऊ आपल्याला ओळखतो हे तिला आज कळलं. मला रडू आलं, खोटं कशाला लिहू?

बुधवार, २ जानेवारी १९२९

गोजाबाई दुपारी पाजायला आली होती. तक्रार करत होती — "आवंदाच्या अफूत काय जोर ऱ्हायला न्हाय बाई. दुकानदार काय कालवतोय कुणास ठावं. पोरगं टकाटका बघायलंय रातचं."

तानीनं माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडाला लावला. दोघींचं गुपित! हसू दाबताना पोटात दुखलं.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा, गिरणी तीन दिवस बंद. तिळगूळ वाटून आले. मुलांशिवाय करमत नाही, गंमतच आहे.

गुरुवार, १७ जानेवारी

बिरू गेला.

शुक्रवार, १८ जानेवारी

लिहायलाच हवं. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

मंगळवारी सगळ्यांना गड्डा बघायला जायचं होतं. गर्दीत पोर रडू नये म्हणून सांजेला गोजाबाईनं स्वतः गोळी दिली. पोटाशी बांधून नेला, आणला, निजवला. बुधवारी सकाळी तो उठला नाही. घरची माणसं ओढ्याकाठी पुरून आली.

मी चाळीत गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली. "मोहरीएवढीनं काय हुईना म्हून जोंधळ्याएवढी केलती बाई. पर येकच दिली मी. येकच." मग तानीकडे हात करून ओरडली. "मी नव्या पेठंत बांगड्या भराया गेलते, तवा हिनं डबीतनं काढून दिली! सुट्टी हाय, देऊ नको म्हनलं व्हतं, तरी सवयीनं दिली! दोन झाल्या म्हून गेला माजा राजा!" आंधळी सासू म्हणत होती, "भावाला खाल्लं गं हिनं."

तानीच्या गालावर पाचही बोटं उमटलेली. "दिलीस का?" आई विचारते. तानी गप्प. "दिलीस का न्हाय?" गप्प. त्यांनी ओळखायचं ते ओळखलं.

आणि मी! अफूत जोर का राहिला नव्हता ते त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं. महिनाभर अफू न शिवलेलं पोट. त्याला मोहरीएवढीही जड गेली असती. जोंधळ्याएवढी कुणामुळे झाली? माझ्यामुळे! मी तिथे उभी होते आणि मीही तानीसारखीच गप्प होते. तिला नववं वर्ष आहे. मला चौतिसावं.

मंगळवार, २२ जानेवारी

सांगायचं ठरवून निघते आणि दाराशी पाय अडतात. चाळीला कळलं तर एक बाई पाळणाघरात मूल ठेवायची नाही. साहेब काढून टाकतील. आणि कोण जाणे, तानीनं त्या दिवशी खरंच दिली असेल तर? विसरून? मुलंच ती! तसं असेल तर दोष सगळा माझा नाही.

असलं मन घेऊन मी मुलं सांभाळते.

सोमवार, २८ जानेवारी

गोजाबाई कामावर आली. मी म्हटलं, तानीला माझ्याकडे पाठव, पाळणे हलवील. "न्या. माज्या डोळ्याम्होरं नको." शिमगा झाला की तिला करकंबला मामाच्या मेंढरांमागं धाडणार आहेत, कायमची. मामा येऊन घेऊन जाईल.

तानी आली. पाळण्याची दोरी ओढते. मुलाला हात लावत नाही. बोलत नाही — एक अक्षर नाही. गोजाबाईच्या सासूनं सांगितलं, घरीसुद्धा नाही.

सोमवार, ४ फेब्रुवारी

सगळं करून बघितलं. मेंढ्यांच्या गोष्टी काढल्या. पाटीवर मेंढी काढली, मुद्दाम पाच पायांची. हसेल, चुकलं म्हणेल. बघितलंही नाही. गूळशेंगदाणे दिले, ते ओच्यात बांधून मल्लव्वाला दिले.

शेवटी सरळ विचारलं. "तानी, त्या दिवशी गोळी दिलीस का गं?" पुन्हा विचारलं. पुन्हा. दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं मी तिला! मल्लव्वा मध्ये पडली.

मला तिला बोलतं करायचंय, की माझी सुटका करून घ्यायचीय? तिलाही तेच कळलं असणार. मुलांना कळतं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

आता काही विचारत नाही. तिच्याशेजारी बसून लंगोटांच्या घड्या घालते. ती एक घालते, मी एक घालते. तिची घडी माझ्यापेक्षा नीट. तसं म्हटलं. ती उठून गेली नाही.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

घड्या. आज माझ्या गुडघ्याला तिचा गुडघा लागला होता. तिनं काढून घेतला नाही.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

बोलली!

सूतखात्यातल्या एका बाईनं नवं मूल आणून ठेवलं, निजलेलं. तानी पाळण्यापाशी गेली. वाकली, त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाली, "बाई, ह्येला दिलीया." आवाज घोगरा, म्हाताऱ्या माणसासारखा.

मी हळूच म्हटलं, "तू बिरूला कधी दिली नव्हतीस ना?" तशी फुटली पोर. "टाकत व्हते की बाई! रोज टाकली. त्या दिशी तर आईनं ठिवलीच न्हवती. मी कायबी दिलं न्हाय. निस्तं पानी पाजलं." एवढं बोलून माझ्या मांडीत तोंड खुपसलं. लुगडं भिजलं माझं. मल्लव्वा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

माझी शेवटची पळवाट गेली. बरं झालं.

किती मार खाल्ला हिनं! भावाला खाल्लं म्हणवून घेतलं. का तर बाईंनी आन घातली होती म्हणून! मीच कुलूप घातलं तिच्या तोंडाला आणि मीच महिनाभर किल्ल्या लावत बसले. मी म्हटलं, "सुटली, शपथ सुटली. आता आईला मी सांगते, सगळं." तिनं माझा पदर धरला. मान हलवायला लागली. नको, नको, नको. घाबरली बिचारी. "मी आहे ना," म्हटलं. "तुला कुणी मारणार नाही आता."

गुरुवार, २८ फेब्रुवारी

सांगून आले.

गोजाबाई भाकरी थापत होती. मी जमिनीवरच बसले. पहिल्या दिवसापासून सांगितलं. गोळ्या मोरीत टाकायला मी शिकवलं, तुझ्यापासून लपवायला मी शिकवलं, अफू चांगलीच होती. तानीनं कधीच दिली नाही — त्या दिवशीही नाही. तू मला काय वाटेल ते बोल, पण ह्या पोरीला बोलू नकोस.

तव्यावरची भाकरी तिनं उलटलीच नाही. भाकरी करपली. मग म्हणाली, "म्हंजी त्येच्या पोटात निस्ती माजीच गोळी व्हती."

मी म्हटलं, "दोष माझा आहे, गोजाबाई. मी तुला वेळीच सांगितलं असतं तर तू गोळी मोठी केलीच नसतीस." ऐकलं की नाही कळलं नाही. "बरं केलंसा बाई, सांगितलंसा," एवढंच. ओरडली नाही. मी ओरडण्याची वाट बघत होते.

सासूनं चाचपडत तानीला जवळ ओढलं, तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. करकंबला जाणं रद्द. तानी मात्र माझ्याकडे बघत नव्हती, आजीकडेही नाही. आईकडे बघत होती.

घरी येऊन पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी. साहेबांना उद्या सांगीन, काढायचं तर काढू देत. पोर सुटली! उशिरा का होईना, एक गोष्ट धड झाली माझ्या हातून.

शनिवार, २ मार्च

गोजाबाई काल नाही, आज नाही. दुपारी तानी एकटीच आली. आत आली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली.

"आई बोलत न्हाय बाई. आपल्याच हाताकडं बघत बसलीया. म्हून तर मी सांगत न्हवते."