बाबांचं जुळवणीचं टेबल

तीर्थरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. (पदवी मिळाल्यापासून माझी कंबर वाकत नाही असं तू मागे म्हणाली होतीस, म्हणून हे लिहिण्यापूर्वी खुर्चीतून उठून खरोखर वाकले. आईने आतून विचारलं, ‘काय पडलं गं?’) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून पायऱ्या मोजतेस का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. मात्र ‘ठीक’ म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, कारण फोनवर तू तीनदा म्हणालीस, ‘चालतो ना? बोलतो ना? हात हलतात ना? मग झालंय काय त्याला? लहानपणापासून आळशीच आहे तो.’

आत्या, बाबा आळशी नाहीत. पाच महिन्यांपूर्वी त्यांना जो झटका आला, त्यात मेंदूच्या अगदी आतली, शर्टाच्या बटणाएवढी एक जागा रक्त न पोचल्यामुळे निकामी झाली. तिथल्या भागाला थॅलॅमस म्हणतात. मी वाचनालयातून तीन पुस्तकं आणून पेन्सिलने खुणा करत वाचली. (वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, ‘पेन्सिलची रेघ हीसुद्धा रेघच असते.’) डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं तिथून पुढे जातं, एवढंच पूर्वी लोकांना माहीत होतं. पण विचार करणारा मेंदूचा पुढचा भागही सतत त्या जागेशी सल्लामसलत करत असतो: आधी काय, नंतर काय, काय ध्यानात धरायचं, काय सोडायचं, चुकलं तर मागे कसं फिरायचं. ती जागा दुखावली की हात शाबूत, जीभ शाबूत, जुन्या आठवणीही शाबूत. फक्त त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणारं कोणी उरत नाही. हे सगळं मी बाबांना आकृती काढून तासभर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे माझं जुळवणीचं टेबल मोडलंय.’ माझी तीन पुस्तकं पाच शब्दांत मिटली.

तुला ते टेबल आठवत असेल. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि पुस्तक शिवण्याआधी असे सगळे फर्मे त्या लांब टेबलावर क्रमाने लावायचे असतात. तीस वर्षं बाबा फर्म्यांच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवून सांगायचे, ‘सातवा उलटा आहे.’ आता ते शिवतात पूर्वीसारखंच, टाका न् टाका एकसारखा. पण वाचनालयाची एक जाडजूड रहस्यकथा त्यांनी अशी बांधून दिली की खुनी पहिल्या पन्नास पानांत पकडला जातो आणि खून होतो शेवटून दुसऱ्या प्रकरणात. मी माफी मागायला धावत गेले. बाई म्हणाल्या, ‘माफी राहू दे. एक निवृत्त गुरुजी ती दोनदा घेऊन गेलेत. म्हणतात, खून करण्यामागचं कारण इतकं आधी कोणी सांगितलं नव्हतं.’ मी हसले, आणि मग बाहेर सायकलींच्या मागे उभी राहून रडले, कारण फर्म्यांच्या पाठीवर काळ्या खुणा छापलेल्या असतात, क्रम बरोबर असला की त्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात. बाबांना त्या खुणा दिसतात. मी विचारलं तर बोट ठेवून दाखवतात. ‘चुकलंय’ असं आतून कोणी म्हणत नाही, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी त्यांची एक परीक्षा घेतली. कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायची: एक, क, दोन, ख, तीन, ग. बाबांनी एक, दोन, तीन, चार अशी सुरेख रेघ ओढली आणि थांबले. ‘अक्षरांचं काय?’ बाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, ‘आकडे रांगेत उभे आहेत. त्यांच्या मध्ये कुणाला कशाला घुसवायचं?’ मला वाटलं, न्यायाच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे. डॉक्टरीणबाईंनी मात्र काहीतरी लिहून घेतलं.

मग मी ठरवलं की शिक्षणाचा उपयोग घरी नाही तर कुठे करायचा? पुस्तक बांधण्याच्या सतरा पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून तक्ता बाबांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात टांगला. पहिल्या दिवशी आठ पायऱ्या बिनचूक झाल्या. नववी होती, ‘खळ वाळेपर्यंत थांबा.’ दुपारी अडीच वाजता आई डबा घेऊन गेली तर बाबा हात मांडीवर ठेवून बसलेले. खळ केव्हाच खडखडीत वाळली होती. ‘अहो, जेवायचं नाही का?’ तर म्हणाले, ‘तक्त्यात जेवण नाही.’ आणि वर, ‘पदवीधर मुलीने लिहिलंय, चुकीचं कसं असेल?’ आईने माझ्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या दिवशी मी अठरावी पायरी म्हणून जेवण घातलं. तेव्हा बाबा पुस्तक पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साडेपाचपर्यंत, जेवले नाहीत. तक्ता आता आईने कपाटाच्या फळीवर उलटा अंथरला आहे.

उपाय शेवटी सातवीपर्यंत शिकलेल्या आईलाच सापडला. बाबा सकाळी ब्रशवर पेस्ट घेऊन नुसते उभे राहतात. आई जाता-येता म्हणते, ‘मग?’ आणि बाबा दात घासायला लागतात. एवढंच. रागावून नाही, शिकवून नाही. दुकानातही तसंच. मी शेजारी स्टुलावर बसते, ते अडकले की ‘मग?’ म्हणते, आणि त्यांचे हात पुढचं स्वतःच शोधून काढतात. जुळवणी आम्ही दोघं मिळून करतो. गेल्या महिन्यात एकही पुस्तक उलटं गेलं नाही. मात्र ‘मग?’ ऐकल्याशिवाय झटक्यानंतर बाबांनी एकही काम आपणहून सुरू केलेलं नाही. सांगितलं नाही तर ते संध्याकाळपर्यंत बसून राहतील, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटणार नाही. ते वाईट वाटण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे.

तू नोकरीचं विचारलं होतंस. शाळेचं नेमणुकीचं पत्र आलं आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं, गाव इथून आठ तासांवर. मी नकार लिहून ठेवला आहे. मला खेद नाही. शिक्षण माणसाला उपयोगी पडावं म्हणून असतं, आणि बाबांहून जवळचं माणूस मला कुठे मिळणार? तेव्हा तू काळजी करू नकोस. इकडे येण्याची दगदग तर मुळीच करू नकोस, आम्हाला कशाचीही गरज नाही.

गुडघ्यांना शेक देत जा. बाकी भेटीत.

तुझी भाची

ता. क. आम्हाला तुझी गरज आहे. नकाराचं पत्र आठ दिवस टेबलावर पडून आहे, पाकिटात घालायला हात धजत नाही. आईला घर सोडून दिवसभर दुकानात बसता येत नाही. तू दोन महिने येशील का? स्टुलावर बसायचं आणि बाबा थांबले की ‘मग?’ म्हणायचं. जिना नाही. ते लहान असताना त्यांना पुढे ढकलायचं काम तूच केलंस असं तू नेहमी सांगतेस. फक्त ‘आळशी’ म्हणायचं नाही, ही एकच अट.

ता. क. दुसरा. हे मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे, कारण आता दुसरा कागद जोडता येणार नाही. मी पाकीट आणायला कोपऱ्यापर्यंत गेले होते. परत आले तर बाबांनी टेबलावरचे सगळे कागद घेऊन, दाभणाने भोकं पाडून, मेणदोऱ्याने शिवून टाकलेले. कुणी ‘मग?’ म्हटलं नव्हतं. आई तर गच्चीवर होती. क्रम अर्थातच चुकला आहे, तेव्हा तू दुसऱ्या पानापासून सुरुवात केली असशील. नमस्कार तुला पुढे सापडेल. मधोमध जो अनोळखी कागद आहे तो शाळेला लिहिलेला नकार. तो सोडवायला मी कात्री उचलली. बाबांची शिवण उसवायची म्हणजे कागद फाडावाच लागतो, हे तुला माहीत आहे. मी विचारलं, ‘बाबा, हे चुकून शिवलंत की मुद्दाम?’ त्यांची नजर नेमणुकीच्या पत्राकडे गेली. ते तेवढं त्यांनी शिवलं नव्हतं, बाजूला ठेवलं होतं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘मग?’

मी कात्री ठेवून दिली. नकार तुझ्याकडे पाठवते आहे. सांभाळून ठेव, आणि येताना आणू नकोस.