पांढऱ्या कुंडाची फट

हिनोकुरा,
ता. ४ नोव्हेंबर

चि. तोमोहिरो यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा, दोन्ही पोचलं. तुझी सायाका आणि छोटी मिओ मजेत असतील. मी ठीक आहे. किनुमावशीही ठीक आहे, म्हणजे तिच्या मते ती मरणाला टेकलीय आणि माझ्या मते ती आम्हा सगळ्यांना पोचवून मगच जाईल. परवा तिची नवी कवळी मुळ्याच्या लोणच्यात पडली आणि बाईने दिवसभर आचाऱ्यावर चोरीचा आळ घेतला.

डोंगरावर बर्फ बसलाय, खाली अजून नुसता गारठा आहे. गरम झऱ्यांवर अंघोळीला पाहुणे बरे येताहेत. अस्वलाच्या कुंडाचं पाणी यंदा जरा कोमट येतं, ते म्हाताऱ्यांना आवडतं. नदीकाठचं कुंड पुराच्या गाळाने भरलं होतं, ते उपसून घेतलं. बायकांच्या कुंडाची लाकडी पन्हळ बदलली. दिवाणखान्यातला टीव्ही पुन्हा गेला. आपल्या गंधकाच्या वाफेत यंत्र टिकत नाही हे पाहुण्यांना कितीही सांगा, त्यांना बेसबॉल पाहिजेच.

आता नकाशाचं. ओनोदेरा सुतार आला होता. मी नकाशा त्याच्यापुढे ठेवला. तो चष्मा वर-खाली करत बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "पांढऱ्या कुंडाला चारी बाजूंनी काच? जमिनीपासून आढ्यापर्यंत?"

"माझा भाऊ म्हणतो तसं," मी म्हटलं. "पाहुण्यांनी उबेत बसून बर्फ बघायचा."

"आणि खालची फट?"

"चहा घे, निवतोय," मी म्हटलं. त्याने चहा घेतला आणि पुढे काही विचारलं नाही. त्याच्या बापाने ते न्हाणीघर बांधलं होतं, त्याला त्या फटीचं सगळं ठाऊक आहे.

तेव्हापासून मी हे पत्र लिहायला बसते आणि काहीतरी निमित्त काढून उठते. आधी वाटलं, लाकूड कुजलंय असं कळवावं. पण तू म्हणशील, नवं घालू. मग वाटलं, झरा आटला म्हणावं. पण पुढच्या महिन्यात तुम्ही तिघं कायमचे इकडे येणार. झरा डोळ्यांनी दिसेल. तू लहानपणापासून हट्टी. ओनोदेरा नाही म्हणाला तर शहरातून दुसरा सुतार आणशील.

तोमो, बाबा वारले त्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललो नाही. तू बोललास, मी ऐकलं. अंत्यविधीला सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालास, "निदान शेवटची अंघोळ मी घातली. उबेत गेले." माणसं रडली. तुझ्या प्रत्येक पत्रात ते वाक्य असतं. या पत्रातही आहे. काचेचं न्हाणीघर बाबांच्या आठवणीसाठी, असं तू लिहिलंयस.

नववर्षाचा तो दिवस आठव. बाबा नुकतेच तापातून उठले होते, अंगावर नुसती हाडं. त्यांना पांढऱ्या कुंडातच जायचं होतं. वारा सुटला होता आणि जमिनीलगतच्या फटीतून बर्फ आत येत होता. मी पाहुण्यांच्या जेवणात गुंतले होते. तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ओरडलास, "ताई, या घरात म्हाताऱ्या माणसाला गारठवून मारायची पद्धत आहे का? मी नेतो त्यांना!" मी हातातला पळा उगारला, तू हसलास. मलाही हसू आलं. खूप दिवसांनी तू मुलासारखा वागत होतास.

तू त्यांना पाठीवर घेऊन गेलास, कुंडात बसवलंस. बाबांना अंघोळीला सोबत आवडत नाही, म्हणून बाहेर आलास. मग तुमची गाडीची वेळ झाली. दाराबाहेरूनच "येतो, बाबा" म्हणालास, आतून ते "हं" म्हणाले. हे तूच मला सांगितलंस. आणि सगळे निघून गेलात.

भांडी आवरून मी त्यांना घ्यायला गेले. दार उघडलं तेव्हा वास भपकन आला आणि दुसऱ्या श्वासाला नाहीसा झाला.

त्या वासाबद्दल बाबा माझ्याशी एकदाच बोलले होते, तू तेव्हा शिकायला गेलेला होतास. "अंड्यासारखा वास येतोय तोवर भिऊ नकोस. वास यायचा थांबला की पळ." मी श्वास कोंडला आणि वाकून फटीकडे गेले. फटीत तुझं जुनं, कापूस भरलेलं जाकीट कोंबलेलं होतं. दोन्ही टोकांना टॉवेल. तुला कुठलंही काम अर्धवट करता येत नाही. मी ते ओढून काढलं, वारा आत आला. बाबांना बाहेर ओढलं. ते केव्हाच गेले होते.

त्या पाण्यातून विषारी हवा सुटते, तोमो. ती जड असते, खाली साचते. कुंडात बसलेल्या माणसाच्या नाकापाशी. वाऱ्याने ती वाहून न्यावी म्हणून ती फट ठेवलेली आहे, ती थंडीतही बुजवायची नसते. लहानपणी आपण तिथे फळी लावली तेव्हा बाबांनी तुझ्या थोबाडीत मारली होती. कारण सांगितलं नव्हतं. या घरात हुकूम देतात, कारण देत नाहीत. मला कळलं ते माझं लग्न मोडून मी इथेच राहिले म्हणून.

मी ते जाकीट घेऊन स्वयंपाकघरात आले. किनुमावशी भाजी चिरत होती. तिने जाकिटाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"पोराचं आहे ना ते?" ती म्हणाली.

"हो."

"चुलीत घाल. आणि पोरी, रड आता, डॉक्टर यायच्या आत रडून घे."

डॉक्टर म्हणाले, थंडीतून एकदम गरम पाण्यात, म्हातारं हृदय, असं होतं. मी मान हलवली. तुला फोन केला तेव्हा तू स्टेशनवर होतास, मागे मिओ गाणं म्हणत होती. मी डॉक्टरांचे शब्द तुला जसेच्या तसे सांगितले. मग पांढऱ्या कुंडाला कुलूप लावलं आणि दुरुस्ती चाललीय अशी पाटी टांगली.

मला याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. मी मरेपर्यंत गप्प राहिले असते, किनुमावशीही राहिली असती. पण तू लिहिलंस, "काचेचं झालं की सगळ्यांत आधी मी मिओला घेऊन त्यात बसणार." हे वाचलं. तुझं मन जपायचं की तुझी पोर, एवढाच प्रश्न उरला होता.

नुसता हुकूम पाठवता आला असता. काच लावू नकोस, मोठी बहीण म्हणून सांगते. पण हुकमाने काय होतं ते आपण पाहिलं. माझ्यानंतर हे घर तुझं, तुझ्यानंतर मिओचं. कारण माहीत नसलेल्या माणसाच्या हाती मी ही कुंडं देणार नाही.

इथे मी "यात तुझा काही दोष नाही" असं लिहिणार होते. लिहून खोडलं. तू विचारशील, मग गेले कशाने? तुझ्या हाताने गेले. त्यांना थंडी वाजू नये म्हणून तू ते केलंस, हेही तितकंच खरं आहे. त्यातलं एक घेऊन दुसरं टाकता यायचं नाही. मी इतके महिने प्रयत्न करून पाहिला.

तुझा राग माझ्यावर निघेल. निघू दे. इतके दिवस तुला त्या वाक्याचा आधार वाटू दिला आणि आता काढून घेतला. सायाकाला सांगायचं की नाही ते तू ठरव. मिओला मात्र मोठी झाल्यावर सांग.

घरात तुमच्या खोल्या झाडून ठेवल्यात. तू आलास तर तुला काही विचारणार नाही. नाही आलास तर समजेन. पण आलास तर मिओचा हात धरून आधी बाबांच्या समाधीवर जाऊ नकोस, आधी माझ्याकडे ये. हे ओझं एकट्याने तिथवर नेऊ नकोस.

तुझ्याशी खोटं बोललेली, आणि आता खरं बोलून तुझ्या वाटेकडे भीतभीत बघणारी,

तुझी ताई
फुमिए