दोघींनी मिळून पोहायचं ठरलं होतं

२ ऑगस्ट, शनि., स्लाऊ (इंग्लंड)
फ्रान्सच्या सहलीची बॅग भरली, दोन्ही घरं मिळून चाललोय. तळाशी कॉस्च्यूम, वर लाडवांचा डबा. मैत्रिणीचा, केतकीचाही कॉस्च्यूम माझ्याच बॅगेत. तिच्या सासूबाई, माई, पुण्याहून आल्यात. सून पाण्यात उतरलेली त्यांना खपणार नाही म्हणे. त्या आल्यापासून दर मंगळवारचा आमचा स्विमिंग क्लास म्हणजे माईंसाठी 'मंडळाची मीटिंग'!
तिथल्या तळ्यात उतरायचं के.च्या जिवावर. चाळिशीत शिकले, भीती कुठे गेलीये. तिनेच ठरवलंय, "एकटीने जायचं नाही. मी तुझ्यावर लक्ष ठेवते, तू माझ्यावर."

५ ऑगस्ट, मंगळ., फ्रान्स
छोटंसं गाव. तळ्याकाठी वाळू टाकून बीच केलाय. पाण्यात दोरीला तरंगते पिवळे बोये, दोरीच्या आतच पोहायचं. लाइफगार्ड फक्त दुपारी. पाणी बर्फ. पाय बुडवून परत आलो. उद्या बाकीची मंडळी किल्ला बघायला जातायत, माई दुपारच्या झोपतील. तेव्हा.

६ ऑगस्ट, बुध.
आज झालं ते लिहून ठेवते.
दोघी उतरलो. दोरीपर्यंत जायचं आणि परत, बस. मी पुढे. दोरी थोडी राहिली असताना पोटरीत गोळा आला. के.ला हाक मारली, वळून पाहिलं तर मागे कुणीच नाही. नाकातोंडात पाणी. वाटलं, के. बुडाली. मी वेडी तिलाच शोधत बसले. मग क्लासमधलं आठवलं, पाठीवर पड, हात वर करून हलव. शिट्टी वाजली. लाइफगार्ड बोर्ड घेऊन आला. मी त्याला ओरडून सांगतेय, माझी मैत्रीण, माझी मैत्रीण...
मैत्रीण चटईवर होती. कुडता चढवून, माईंशेजारी, चिवडा खात. माई झोपल्याच नव्हत्या, पाय मोकळे करत आल्या म्हणे.
"अगं, तू एकटीच गेलीस होय?" के. म्हणाली. माईंसमोर.

७ ऑगस्ट, गुरु.
सकाळी ओट्यापाशी के. हळूच, "सॉरी गं. माई येताना दिसल्या आणि मी घाबरून बाहेर पळाले. परत येणारच होते."
एक हाक मारायची होती. एवढंच. तिचं तोंड बघवत नाही आणि राहायचंय एकाच घरात. पोहे मी केले. मीठ जास्त झालं म्हणाली.

१० ऑगस्ट, रवि., स्लाऊ
घरी. नवऱ्याला सगळं सांगितलं. "घाबरली असेल बिचारी." बिचारी ती. बुडत होते मी.

१६ ऑगस्ट, शनि.
माई आल्या होत्या, एकट्याच, माझी चौकशी करायला. म्हणाल्या, "छान पोहतेस गं. आम्ही पोरी वाईला नदीत उड्या टाकायचो." म्हणजे ती लपवाछपवी कुणासाठी होती?
मग सहज बोलून गेल्या, "मी केतकीला विचारलं होतं, ते लांब हात हलवतंय ते कोण गं? तर म्हणते, असेल कुणी फ्रेंच बाई."
म्हणजे तिने पाहिलं होतं. माझा हात पाहिला होता.
उठले. चहा केला, साखर घालायची राहिली.

१९ ऑगस्ट, मंगळ.
क्लासची वेळ. बॅग भरून दाराशी ठेवलीये. पोहणं सोडायचं नाहीये मला, तिच्यापायी तर मुळीच नाही. पण कुणाच्या भरवशावर...
हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं. के. गाडीशी उभी, हात हलवतेय.
आतून नवरा विचारतोय, "कोण आहे गं?"