शहरातलं सर्वांत स्वच्छ स्वच्छतागृह

५ जानेवारी

फाइल अखेर माझ्याच टेबलावर! भाजीमंडईतल्या बायकांसाठी स्वच्छतागृह. माझ्या आधीचा इंजिनिअर ती सांभाळता सांभाळता निवृत्त झाला, त्याच्या आधीचा बदली करून घेऊन सुटला. साहेब म्हणाले, "मॅडम, विषय बायकांचा आहे. तुम्हीच बघा." म्हणजे उड्डाणपूल हा पुरुषांचा विषय असणार.

ऑफिस सुटल्यावर मंडईत गेले. लिंबूवाली तिथल्या बायकांची पुढारी. आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईकही वळून बघतं. म्हणाली, "आम्ही दिवसभर पाणीच पीत नाही ताई. प्यायलं तर जायचं कुठं?" हसत म्हणाली. मीही हसले. घरी येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तेव्हा ते हसू आठवलं, आणि तांब्या तसाच खाली ठेवला.

९ जानेवारी

जागा पहिली — बँकेशेजारी. मॅनेजर म्हणतो, "ग्राहकांच्या मनावर काय परिणाम होईल?" त्याच्या ग्राहकांना फक्त खाती असतात बहुतेक, पोटं नाहीत.

१४ जानेवारी

जागा दुसरी — शाळेच्या भिंतीलगत. मुख्याध्यापकांनी संस्कार काढले.

जागा तिसरी — चौकातल्या पुतळ्यामागे. आमचे नगरसेवक छातीवर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, महापुरुषाच्या पाठीमागे? भावना दुखावतील हो!" त्याच पुतळ्यामागच्या भिंतीवर पुरुषमंडळी रोज रांगेनं उभी असतात. ते भावनांना दिसत नाही. नाकाला तरी कळावं!

२० जानेवारी

आज सल्लागार आला. पालिकेनं खास नेमलेला, टोकदार बुटांचा. भिंतीवर चित्रं दाखवली. स्वच्छतागृह म्हणायचं नाही म्हणे — 'प्रसाधन अनुभव केंद्र'! दाराशी फोटो काढायला जागा, हात पुढे केला की आपोआप सुरू होणारा नळ, भिंतीवर फुलपाखरं. चित्रातल्या बायका उंच टाचा घालून हातात कॉफी घेऊन उभ्या. मी विचारलं, "पाण्याची लाइन कुठून येणार?" तो म्हणाला, "दॅट्स अ डिटेल." साहेबांनी मान डोलावली. डिटेल म्हणे!

२८ जानेवारी

जागा ठरली. मंडईकडे जाणाऱ्या गल्लीच्या टोकाला, पालिकेचाच रिकामा तुकडा. कोणाची शाळा नाही, बँक नाही, पुतळा नाही.

फक्त आमची सोसायटी आहे. आमच्याच कंपाउंडला लागून!

घरी सांगायचं धाडस झालं नाही.

२९ जानेवारी

सांगावं लागलंच नाही. सासूबाईंना आधीच कळलं होतं. सोसायटीच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष, त्यांना माझ्या ऑफिसातलं माझ्याआधी कळतं.

"अगं, आख्ख्या शहरात तुला माझीच खिडकी सापडली?"

"आई, जागा पालिकेची आहे."

"आणि वास कोणाचा असेल?"

जेवताना माझ्याकडे भाजीचं पातेलं सरकवलं नाही. नवरा मधे बसून दोन्हीकडे "हो ना, हो ना" करत होता. या माणसाला नगरसेवक करायला हवं.

३ फेब्रुवारी

मोर्चा! माझ्या ऑफिसवर, माझ्या सासूच्या नेतृत्वाखाली. 'संडास हटवा, सोसायटी वाचवा!' अजून वीटही रचलेली नाही, हटवायचं काय? फलकावरचं अक्षर ओळखीचं वाटलं — नवऱ्याचं! संध्याकाळी जाब विचारला तर म्हणतो, "आईनं सांगितलं. माझं अक्षर चांगलं आहे ना."

साहेब खूश. "घरातच विरोध आहे म्हटल्यावर मॅडम, प्रकरण थंड होऊ द्या." मी म्हटलं, होऊ देणार नाही. हे धाडस कुठून आलं देव जाणे! बहुतेक त्या पातेल्यामुळे.

११ फेब्रुवारी

नगरसेवक घरी आले. मिठाई घेऊन. निवडणूक जवळ आली की यांना बायका दिसतात. मंडईतल्या बायकांची मतं पाहिजेत, सोसायटीचीही पाहिजेत. सासूबाईंच्या पायांना हात लावून म्हणाले, "आई, उद्घाटन तुमच्याच हस्ते. दगडावर नाव कोरतो. ज्येष्ठ समाजसेविका!"

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तसं पाहिलं तर बायकांची गैरसोय होतेच."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. हसू आवरेना.

२६ मार्च

बांधकाम झटपट उरकलं. कंत्राटदार नगरसेवकांचा मेहुणा, त्याला निवडणुकीची तारीख पाठ आहे. भिंतीवर फुलपाखरं, चकाचक नळ. पाणी नाही.

पाण्याची लाइन आणायची तर रस्ता खोदावा लागणार. रस्ता नुकताच गुळगुळीत केलाय. रस्ते विभाग म्हणतो, गॅरंटी संपेपर्यंत कुदळ लावू देणार नाही. पाणीपुरवठा म्हणतो, रस्ते विभागाकडे जा. दोन्ही विभाग एकाच जिन्यावर समोरासमोर. मी दिवसभर त्या जिन्यात उभी. दोघांचे शिपाई मात्र एकाच किटलीतला चहा पीत होते!

२ एप्रिल

उद्घाटन झालं. मांडव, हारतुरे, भाषणं. मी साहेबांच्या कानात म्हटलं, "सर, पाणी नाही." ते म्हणाले, "आज कोण वापरणार आहे?"

सासूबाईंनी फीत कापली. नवी साडी, आणि भाषणसुद्धा! "माझ्या भगिनींनो" म्हणाल्या. लिंबूवालीनं इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की त्या लाजल्या. खरंच लाजल्या.

मांडव निघाला आणि लगेच दाराला कुलूप लागलं. 'स्वच्छता राखण्यासाठी.'

१५ एप्रिल

उन्हाचा कहर. कुलूप तसंच. साहेबांना पुन्हा लिहून दिलं, टँकर तरी द्या. टँकर बागेतल्या कारंज्याला गेला.

२१ एप्रिल

लिंबूवाली आजारी आहे. लघवीचं इन्फेक्शन वर मूत्रपिंडापर्यंत गेलंय, सरकारी दवाखान्यात पडून आहे. हे सासूबाईंनी सांगितलं. त्या मंडईत गेल्या होत्या. लिंबांच्या टोपलीशी तिची जाऊ बसली होती. तिनं सासूबाईंना ओळखलं. म्हणाली, "फीत कापणाऱ्या तुम्हीच ना? मग किल्ली तुमच्याकडंच असंल. द्या की!"

ती चिडून नव्हती म्हणाली. खरंच मागत होती.

सासूबाई हे सांगून आतल्या खोलीत गेल्या. टीव्ही लावला नाही. जेवायला आल्या नाहीत.

२४ एप्रिल

आज साहेबांनी पेढे वाटले. पाहणी समितीनं निकाल दिला — आमचं स्वच्छतागृह शहरातलं सर्वांत स्वच्छ! शेऱ्यात म्हटलंय, 'एकही डाग आढळला नाही.' कसा आढळेल? आत माणूसच गेलं नाही! बक्षिसाची ढाल साहेबांच्या कपाटावर आहे. मी पेढा हातात घेतला आणि कुंडीत टाकला.

२९ एप्रिल

कुलूप फुटलं!

आत नव्या कोऱ्या बादल्या, पाण्यानं काठोकाठ भरलेल्या. बाहेर बायकांची रांग. शिपायानं हटकलं तर एकजण म्हणाली, "थांबा दादा, आधी जाऊन येते, मग भांडू."

ऑफिसात आकाश कोसळलं. मूत्रपिंड निकामी व्हायची वेळ आली तेव्हा कुणी फोन केला नव्हता. कुलपासाठी बैठक!

३० एप्रिल

चौकशी अधिकारी म्हणून नेमलंय — मला.

साहेब म्हणाले, "लिंबूवालीच्या टोळीचं काम आहे. दोन-तीन नावं लिहा, त्यांचे बसायचे परवाने रद्द करू. आणि मॅडम, तुमच्या बढतीचा कागदही माझ्याकडेच आहे बरं का." हसून म्हणाले. मी हसले नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. घरी आले तर ताट समोर येऊन निवून गेलं. त्या जावेला उठवलं तर दवाखान्याचा खर्च कोण करणार? आणि नावं लिहिली नाहीत तर मी कुठं जाणार? सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

२ मे

चौकशीचा पहिला दिवस. चिठ्ठी न पाठवताच दार ढकलून सासूबाई आत आल्या. उद्घाटनाचीच साडी. समोरच्या खुर्चीत ताठ बसल्या. म्हणाल्या, "लिहून घ्या, मॅडम. कुलूप मी फोडलं. बादल्याही माझ्या. मंडईतल्या एकाही बाईचं नाव यात घालायचं नाही."

मला — मॅडम!

मी कागद पुढे ओढला. वय विचारलं. म्हणाल्या, "ते लिहायची गरज नाही."

शिपाई दार लावून घ्यायला आला. मी म्हटलं, राहू दे उघडंच.