सोंग उतरवायला पाणी नाही

१४ सप्टेंबर १९७२, गुरुवार

पोचलो एकदाचा! खर्ड्याला एसटीतून उतरलो तेव्हा केसांपासून चपलांपर्यंत इतका पांढरा झालो होतो की म्हाताऱ्याचं काम करायला रंगभूषेची गरज पडली नसती. तिथून या वाडीपर्यंत बैलगाडी. मला न्यायला आबासाहेब स्वतःच आले होते. हे इथले सरपंच. मी त्यांना गाडीवान समजून ट्रंक उचलायला सांगितली आणि त्यांनी ती मुकाट्याने उचललीही. कळल्यावर मी ओशाळलो, ते मात्र हसत होते.

आमच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एखाद्या खेड्यात राहून, गावकऱ्यांना हाताशी धरून एक नाटक उभं करायचं असतं आणि त्याची रोजनिशी लिहायची असते. परीक्षक म्हणून सर ९ ऑक्टोबरला येणार. बाकीच्यांनी पुण्याजवळची, चहा-भजी मिळणारी गावं पटकावली. मी मुद्दाम हे मागून घेतलं, कारण इथे दरवर्षी महादेवाचं सोंग निघतं असं ऐकलं होतं. वर्गात माझ्याइतका आवाज कुणाचा नाही, हे सरही मान्य करतात. तो उघड्या माळावर लावून बघायची खुमखुमी आहे.

मुक्काम शाळेच्या खोलीत. शाळा बंदच आहे, मास्तर दुष्काळी कामावर हजेरी मांडायला गेलेत. जेवण भीमाबाईंकडे. साठीच्या असतील, एकट्याच राहतात, बोलतात मात्र भरभरून. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला आणि पुण्याच्या लेकराला हे गिळंल का, या काळजीने समोर बसून राहिल्या. मी तीन भाकऱ्या हाणल्या. लई गुणाचा हाय, असं शेजारणीला सांगत होत्या. मजेत जाणार हे दिवस.

१८ सप्टेंबर, सोमवार

रंगमंच तयार! दोन बैलगाड्या पाठीला पाठ लावल्या, त्यावर शाळेच्या फळ्या टाकल्या, मागे महादेवाच्या देवळाची काळी भिंत. एवढं भारी नेपथ्य विद्यापीठाच्या सभागृहात सात जन्मात मिळायचं नाही. डालड्याचे डबे कापून पेट्रोमॅक्सला पत्रे लावले, उजेड हवा तिथेच पडतो. नाटक माझंच. कोरड्या पडलेल्या गावात महादेव भिकाऱ्याच्या वेषात येतो, लोक त्याला हाकलतात आणि शेवटी तो आपलं खरं रूप दाखवतो.

नट दिवसभर खडी फोडून तालमीला येतात. वाक्यं पाठ होतात, पण बोलताना जीव नसतो. फक्त देवाला शिव्या द्यायचा प्रवेश आला की काय बोलतात एकेकजण! तिथे मला काही शिकवावं लागत नाही.

महादेवाचं काम सूर्यभानबाबांनी करावं अशी माझी इच्छा होती. वर्षानुवर्षं हे सोंग त्यांच्याच अंगावर असतं. त्यांनी हात जोडून नकार दिला. औंदा देवाचं सोंग घिऊ नये, गाव देवावर लई तापलंय, असं त्यांचं म्हणणं. मग मला इथली रीत सांगितली. सोंग घेतलेला माणूस खेळ संपला म्हणून माणूस होत नाही. गावाने ओढ्याचं पाणी त्याच्या डोक्यावर ओतून त्याला त्याच्या नावाने हाक मारायची, तेव्हा सोंग उतरतं. विहिरीचं चालत नाही, टँकरचं तर नाहीच. आणि ओढा दोन वर्षं वाहिलेला नाही. मी म्हटलं, बाबा, माझ्याकडे खोबरेल तेल आहे, त्याने रंग चांगला निघतो. ते हसले नाहीत. महादेव मीच करतोय.

२४ सप्टेंबर, रविवार

प्रयोग झाला. परीक्षेचा खेळ सर आल्यावर पुन्हा होईल, पण हा आत्ताच लिहायला हवा.

अंगाला राख, जटांना वाखाचे दोर. मी शेवटच्या प्रवेशाला फळ्यांवर आलो आणि सगळं भाषण खणखणीत म्हटलं. समोर अख्खी वाडी बसलेली, आणि टाळी नाही. हूं नाही की चूं नाही. असली शांतता नटाला जिवंत मारते. मला ती सोसवेना. मग मी पुढे आलो, त्रिशूळ आपटला आणि संहितेत नसलेलं बोललो: सर्वपित्री अमावास्येच्या आत या शिवारात पाणी पाडीन, नाही पाडलं तर गाभाऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही!

टाळी तेव्हाही नाही पडली. पण सगळं गाव उठून उभं राहिलं. बायांनी पदर पसरले. आबासाहेबांनी डोक्यावरचा फेटा काढून माझ्या पायांवर ठेवला. आयुष्यात असा प्रतिसाद पुन्हा मिळेल का, कुणास ठाऊक! मी अजून हवेत आहे.

२६ सप्टेंबर, मंगळवार

राख तेलाने बरीचशी निघाली, आंघोळीपुरतं पाणी इथे नाहीच. पण आता मला सगळे देवा म्हणतात. भीमाबाई आधी माझ्यासमोर बसून जेवायच्या, आता ताट ठेवून हात जोडून मागे सरतात. मला गंमत वाटते. सर वर्गात सांगतात की भूमिकेतून बाहेर यायची घाई करू नका, तसं इथे अख्खं गाव माझ्याबरोबर भूमिकेत राहिलंय.

सरांना कार्ड टाकलं: मी रात्रंदिवस भूमिकेत आहे, गावही आहे. तुम्ही आलात तरी मला नावाने हाक मारू नका, मी काहीही बोललो तरी मोडता घालू नका. सर खूश होतील.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

हस्त लागला, पण आभाळ कोरडं ठणठणीत. लोक कामावरून येताना शाळेपुढे थांबतात. आत बघतात, मग वर बघतात आणि जातात.

दुपारी लंकाबाई आली. खडीच्या कामावर असते, नाटकात तिने पाटलिणीचं काम केलं होतं. तिचा बैल सकाळी मेला. रडली नाही. त्याचं दावं माझ्या मांडीवर ठेवलं आणि बघ म्हणाली. मी म्हटलं, बाई, मी राधाकृष्ण, विद्यार्थी आहे, ते नाटकातलं वाक्य होतं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला वाटलं हात उगारते आता. मी खरंच घाबरलो.

सूर्यभानबाबांना गाठून सगळ्यांना समजवा म्हटलं. ते म्हणाले, तू बोल्ला न्हाईस, तुझ्यात हुता तो बोल्ला. अजून तुला कुणी उतरवलाय का? मग पाणी आणा कुठलंही, ओता, मोकळं करा, असं मी म्हटलं. ते म्हणाले, वढा वाहूं दे.

१ ऑक्टोबर, रविवार

निघायचं ठरवलं. परीक्षा गेली खड्ड्यात. पहाटे ट्रंक तिथेच टाकून रोजनिशी खिशात घातली आणि खर्ड्याकडे चालत सुटलो. एसटीत जागाही मिळाली. पण गाडी सुटायच्या आत आबासाहेब आणि चौघे आले. त्यांनी कंडक्टरला सांगितलं की हा आमचा पाव्हणा, ह्येच्या डोस्क्यावर परिनाम झालाय. मी ओरडलो, विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवायला गेलो, पण ते ट्रंकेत राहिलेलं. अंगावर तेलकट राखेचे डाग, केसांत वाखाचे धागे. मला बघून कंडक्टरला त्यांचंच खरं वाटलं. हाताला धरून उतरवलं. कुणी मारलं नाही. परत येताना गाडीत आबासाहेब एवढंच म्हणाले, की अमुशापातुर थांबायचं तू कबूल केलंयस.

ट्रंक नेलीय कुणीतरी. शाळेला आता बाहेरून कडी असते.

३ ऑक्टोबर, मंगळवार

उन्हात बसवलं. देवळापुढच्या फळ्यांवर, मीच उभारलेल्या. देवाला कळूं दे ऊन काय असतं, असं म्हणत होते. पूर्वी पिंड बाहेर काढून उन्हात ठेवायचे म्हणे. दिवसभर बसलो. पाळीपाळीने लोक समोर येऊन बसले, ज्यांना मी पाठांतर दिलं तेच. नाटकातल्या शिव्या देत होते, पण आता त्या पाठ केलेल्या नव्हत्या. एकाने मेलेल्या पोरीचं नाव सांगितलं आणि थुंकला. मी खाली मान घातली, तर हनुवटीला काठी लावून वर केली.

भीमाबाईंनी पाणी दिलं, ओंजळभर. मी म्हटलं, भीमाबाई, तुम्ही मला जेवू घातलंय, तुम्हाला तरी माझं नाव माहीत आहे. त्या रडल्या. पण नाव घेईनात. घेतलं तर गाव वाळीत टाकील म्हणाल्या.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी ढग आले. सगळे धावत अंगणात. मीही खिडकीच्या गजांना धरून पड, पड म्हणत होतो. मोठ्याने. माझा आवाज ऐकून बाहेरचे वळले. सगळे माझ्याकडेच बघत होते. ढग गेले. तिकडे जामखेडवर जाऊन पडले —

दगड आला खिडकीवर. मग दुसरा.

७ ऑक्टोबर, अमावास्या

दिवस मावळायच्या आत आले. मारलं नाही. मला राख फासली, जटा बांधल्या. बायकाही होत्या. कुणाचाच चेहरा रागीट नव्हता, तेच जास्त वाईट. मी हातापाया पडलो. माफी मागितली, टाळीसाठी बोललो म्हटलं, खरं सांगितलं. आबासाहेब म्हणाले, टाळीसाटी आमचा पाऊस मोडलास व्हय? मग उचललंच त्यांनी.

गाभारा. दार बाहेरून लावलं, वर दगड रचले. पिंडीच्या मागे भिंतीत एक मुठीएवढं भोक आहे, तिथून उजेड येतो. रोजनिशी आणि पेन्सिल कमरेला राहिली. पिंडीला टेकून बसलोय. दोघेही कोरडे.

९ ऑक्टोबर

सर आले! सर आले होते.

जीपचा आवाज ओळखला. दारावर डोकं आपटलं. सगळं ओरडून सांगितलं. माझं नाव, वर्गातल्या सगळ्यांची नावं, घरचा पत्ता, वडिलांचं नाव. सर, हे नाटक नाही, मला मारतायत, दार उघडा.

आबासाहेब हळू आवाजात सांगत होते, की खेळ अजून चालू हाय, देव पाणी पाडीपातुर कोंडून घिनार म्हनला. मग सर बोलले. इतक्या जवळून. गदगदले होते. म्हणाले, असं समरस झालेलं गाव मी पाहिलं नाही. म्हणाले, मोडता घालत नाही, तुझ्या कार्डाप्रमाणे. मी किंचाळलो. तर म्हणाले, वा! फक्त शब्दांचा शेवट खाऊ नकोस, श्वास पुरव.

पहिला वर्ग देतो म्हणाले.

जीप गेली. मी अजून ओरडत हो —

मंगळवार? 

घसा गेला. भोकातून भाकरीचा तुकडा आला, पाणी नाही. भीमाबाई सांगत होत्या, ऊसतोडीचा मुकादम आलाय. औंदा दसऱ्याची वाट बघणार नाहीत. इथे प्यायला थेंब नाही, म्हातारीकोतारी सगळीच निघणार. मी विचारलं, माझं काय. त्यांनी आणखी एक तुकडा आत सरकवला. मग म्हणाल्या, चैतात येऊ माघारी.

चैत्रात —

बहुतेक बुधवार

गाड्या जुंपतायत. भांडी बांधायचे आवाज. कोंबड्या पकडतायत, कुणीतरी हसलं. हसलं!

भोकाला तोंड लावून हाका मारतोय. आवाज नाही, नुसती हवा. चाकं फिरली. एक गाडी. अजून एक. लंकाबाईच्या गाडीला एकच बैल, ती स्वतः जुवाला —

सूर्यभानबाबा देवळाला पाया पडून गेले. माझ्याच पाया पडले ते.

आता कुणी नाही. नाही, आहे. पावलं. भीमाबाई. हात दिसतोय. शेणाचा गोळा आहे हातात. म्हणतायत, देवाला इंचूकाटा लागूं नये, भोक लिंपून जाते.

नको. भीमाबाई, नको हो. पाडतो. उद्या पाडतो पाऊस, शपथ, मी पाडतो, मी देव आहे म्हटलं, मी खरंच —

थांबल्या. ऐकलं त्यांनी. हात जोडले. म्हणाल्या, मग पाड की रं बाबा. आणि लिंपायला लागल्या.

अर्धं भोक गेलं. बोटांएवढा उजेड. लिहितोय तोवर मी राधाकृष्ण, माझं नाव राधाकृष्ण, कुणाला सापडलं तर माझ्या डोक्यावर पाणी ओतून एकदा या नावाने हाक मा