छातीची डावी बाजू

४ मार्च

सकाळी दार लावून घेतलं, बनियन काढला आणि छातीच्या डाव्या बाजूला साबण लावला. नवं ब्लेड. देवाचं नाव घेतलं. ब्लेड टेकवण्याआधी घेतोच, सव्वीस वर्षांची सवय. एकदा केसांच्या दिशेनं, एकदा उलट. बोट फिरवून पाहिलं – आरसा! मग उजव्या बाजूवर वॉर्डातून आणलेलं ते केस कापायचं मशीन फिरवलं. केस गेले, बारीक खुंट राहिले. माझ्या हाताला हे काम अर्धवटच वाटलं.

वाटीत मिठाचं पाणी केलं, कापूस बुडवला. उजवीकडे लावला. गार लागलं, बस्स. डावीकडे लावला आणि डोळ्यांत पाणी आलं. रक्ताचा ठिपकाही नव्हता. चष्मा लावून पाहिलं, तरी नव्हता. पण सगळी बाजू पेटली होती.

म्हणजे सिस्टर खरं बोलल्या.

५ मार्च

काल पुढे लिहवलं नाही. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, वही बंद करण्याआधी दिवस पुरा लिहा. तर लिहितो.

ऑपरेशनच्या आधी पुरुष पेशंटच्या अंगावरचे केस काढायचे, हे माझं काम. छाती, पोट, मांडी, जिथे डॉक्टर कापणार तिथले. आमच्याकडे याला ‘पार्ट तयार करणं’ म्हणतात. वॉर्डात मी सगळ्यांचा मामा. मोठे डॉक्टर म्हणायचे, ‘मामांचा पार्ट म्हणजे डोळे मिटून घ्या!’ मला ते गोड लागायचं, खोटं कशाला लिहू.

परवा नव्या मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांना उभं केलं. ‘उद्यापासून ब्लेड बंद. मशीननं नुसते कापायचे, तेही ऑपरेशनच्याच दिवशी. ब्लेडनं कातडीला बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत. रात्रभरात त्यात जंतू बसतात. जखमा चिघळतात त्या यानंही.’ मग माझ्याकडे वळून, ‘मामा, हे जुनं मशीन घरी न्या, हात बसवा.’

मी मान डोलावली. माझ्या हाताखाली तेव्हा कुणाचीच छाती नव्हती, पण तळव्याला दादाची छाती लागली.

६ मार्च

ही दुपारी अचानक खोलीत आली. मी बनियन बदलत होतो. ‘अगंबाई! अर्धं पीक कापून अर्धं उभं कशाला ठेवलंत?’ म्हटलं, मशीनचा सराव. ती म्हणाली, ‘मग निदान दोन्हीकडे सारखा तरी करा. पन्नाशीला आलात!’ खूप हसली. मीही हसलो.

ती गेल्यावर आरशात पाहिलं. आमच्या घरात पुरुषांच्या छातीवर डावीकडे केसांचा भोवरा असतो. वडिलांना होता, दादाला होता, मला आहे. आता नाही. डावी बाजू दादाची दिसते.

७ मार्च

सहा वर्षं झाली. दादाचं छातीचं ऑपरेशन. आदल्या संध्याकाळी दुसरा माणूस ड्यूटीवर होता. मी त्याला म्हटलं, ‘तू राहू दे. हा माझा भाऊ आहे.’ एकदा नाही, तीनदा हात फिरवला. तळहातासारखी छाती केली. दादा म्हणत होता, ‘हळू रे, गुदगुल्या होतात! लहानपणी केस ओढायचास, आता मुळासकट काढतोस!’

ऑपरेशन उत्तम झालं. नवव्या दिवशी जखमेत पू झाला. सतराव्या दिवशी दादा गेला.

देवाचं नाव मी त्याही दिवशी घेतलं होतं.

८ मार्च, रविवार

वहिनीकडे जाऊन आलो. दर रविवारी जातो. तीच ती खोली, तीच खिडकीजवळची दादाची खुर्ची. वहिनीचे हात कोपरापर्यंत पांढरे पडलेत, बोटांच्या पेरांवर भेगा. दिवसातून चाळीसदा तरी साबण लावत असेल.

आजही तेच बोलली. ‘भाऊजी, त्याला सहाव्या दिवशी खाज सुटली होती. सारखा म्हणायचा, जीव जातोय. मी पट्टीखाली बोट घातलं, जरासं खाजवलं. हात धुतले होते की नाही, तेच आठवत नाही बघा. कितीदा आठवून पाहिलं.’

इतकी वर्षं मी एकच उत्तर देतो – असं नसतं वहिनी. आजही दिलं. पण आज दादाच्या खुर्चीकडे बघत. ती म्हणाली, ‘एक बरं होतं, आधीची तयारी तरी घरच्या हातानं झाली.’

चहाची कपबशी तिच्या हातात देताना माझं बोट तिला लागलं. मी निघालो. जिन्यात पोचलो न पोचलो तोच वर नळ सुरू झाला. दर वेळी होतो. सहा वर्षं तो आवाज ऐकत जिना उतरतो.

१० मार्च

आज सहावा दिवस. डाव्या बाजूला खाज सुटली.

नुसती खाज नाही! बारीक खुंट आतून टोचतात, बनियन लागला तरी अंगावर काटा येतो. पहाटे जाग आली तेव्हा नखं छातीवरच होती. उजवी बाजू, मशीनची, जवळजवळ गप्प आहे. बसमध्ये शर्टाच्या आत हात घातला, शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

कामावर पोचेपर्यंत कळलं. दादाला सुटलेली खाज हीच. जखमेची नव्हती, माझ्या ब्लेडची होती. मी तीनदा हात फिरवला म्हणून केस असे उगवले. म्हणून तो तळमळला. म्हणून वहिनीनं बोट घातलं.

तिचं बोटसुद्धा माझ्याच हातानं तिथे नेलं.

११ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. खाज आहे.

१२ मार्च

हर्नियाचा एक तरुण पेशंट आला. दंड असे की वॉर्डानं त्याचं नाव पहिलवान ठेवलं. शर्ट काढला तर मानेपासून मांडीपर्यंत एक केस नाही! ‘मामा, तुम्हाला त्रास नको म्हणून काल घरीच सगळं साफ करून आलो.’ जांघेत लाल पुळ्यांची रांग. सिस्टरांनी पाहिलं आणि ऑपरेशन दहा दिवस पुढे ढकललं. पहिलवान रडकुंडीला आला.

मग माझ्यापाशी बसून विचारत राहिला. ‘ब्लेड वाईट, मग वॅक्स?’ म्हटलं, तेही उपटणंच, पुळ्या त्यानंही येतात. ‘क्रीम?’ आधी मनगटावर लावून बघ, कुणाकुणाची कातडी भाजते, आणि जांघेत तर नकोच. ‘लेसर?’ ते कातडीच्या डॉक्टरला विचार, मी साबणपाण्याचा माणूस. ‘मग ठेवू काय हे जंगल?’ म्हटलं, मशीननं बारीक कर, राहू दे. देवानं काही विचार करूनच दिलेत.

‘फोटोत चांगलं दिसत नाही हो मामा!’

हसू आलं. याला केस काढायचेत ते कुणीतरी बघावं म्हणून. माझ्यापुढे आजवर जे झोपले, ते कुणीतरी कापणार होतं म्हणून. त्यांच्यापैकी कुणी हौसेनं आलं नव्हतं. छातीला हात लावला की आतलं धडधडणं तळव्याला कळायचं. मी म्हणायचो, झालं हं, झालं. ते माझ्यावर विश्वास ठेवायचे.

किती असतील? मोजायला बसलो नाही. दादापाशीच अडतो.

१५ मार्च, रविवार

आज सांगायचंच म्हणून गेलो. जिना चढताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं. वहिनीनं दार उघडलं, म्हणाली, ‘आज तोंड का उतरलंय? पित्त झालंय का?’ मी म्हटलं, हो, पित्त.

बसलो. चहा प्यालो. खाज येत होती, तिच्यासमोर खाजवता येईना. निघालो. जिना. नळ.

भित्रा माणूस.

१७ मार्च

सिस्टरांना विचारलं. आडून विचारलं, सहा वर्षांपूर्वीचा एक पेशंट म्हणून. ‘मामा, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ब्लेड असेल, हात असेल, मधुमेह असेल, काहीच नसेल. तेव्हा सगळीकडे ब्लेडच वापरायचे. तुम्ही एकटे नव्हता.’

चांगलं बोलल्या. घरी येऊन देवापुढे बसलो, तेच शब्द पुन्हा म्हणून पाहिले. कुणालाच सांगता येणार नाही. हे मला पुरेल, आयुष्यभर झाकायला पुरेल.

पण मग ही शंका एकट्या वहिनीच्या पदरात का? मी गप्प बसलो तर मला फक्त शंका. तिला खात्री. ती खात्री सहा वर्षं साबणानं धुते आहे.

देवालाही माझ्याकडूनच उत्तर हवं असेल.

१९ मार्च

खाज गेली. केस वर आले. भोवराही पुन्हा दिसायला लागला, बारीक. दादा गेला तेव्हा त्याचेही इतकेच आले होते. अखेरचं अंग पुसताना हाताला लागले होते.

२२ मार्च, रविवार

सांगून आलो. तीनदा फिरवलेला हात, मिठाचं पाणी, खाज, सगळं. तारीखसुद्धा.

वहिनी म्हणाली, ‘अठरा दिवस? अठरा दिवस मी हात धूत होते आणि तुम्हाला माहीत होतं, भाऊजी?’

मी तिचे हात धरले, तिनं सोडवून घेतले. दार उघडून उभी राहिली. ‘जा तुम्ही.’

जिना उतरलो. प्रत्येक पायरीवर थांबलो. खाली रस्त्यावर आल्यावरही बराच वेळ उभा होतो.

नळ सुरू झाला नाही.